छोट्या टू-स्ट्रोक मोटरसायकलींची क्लब स्पर्धा भरवायची तर…

शर्यत संपून तासभर झालेला असतो. पहिल्या आलेल्या गाडीची टाकी उतरवलेली, स्पार्क प्लग बाजूला ठेवलेला, सिलेंडरचं हेड खोललेलं. तपासनीस वाकून व्हर्नियर कॅलिपर लावतोय आणि दोन पावलांवर दुसरा आलेला स्वार हाताची घडी घालून बघत उभा आहे. हौशी शर्यतींच्या मालिकेचं भवितव्य या दहा मिनिटांत ठरतं. मापं नियमात बसली, त्याने मान डोलावली आणि तो आपलं सामान आवरायला गेला, तर मालिका चालणार. ‘मोजलंत खरं, पण जे मोजायला हवं होतं ते सोडून’ असं तो पुटपुटला, तर पुढच्या हंगामात तो दिसणार नाही. त्याच्याबरोबर त्याचे तीन-चार मित्रही गेलेच म्हणून समजा.

क्लबच्या पातळीवर ५० ते १२५ सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्यांची स्पर्धा-मालिका उभी करायची, म्हणजे ट्रॅक शोधायचा, परवानगी काढायची, रुग्णवाहिका बोलवायची, झेंडे धरायला माणसं गोळा करायची. हे सगळं लागतंच, आणि त्याबद्दल पुढे बोलू. पण मालिका मोडतात त्या बहुतेक वेळा नियमपुस्तिकेपायी. म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात हट्टाचा नियम असा: जे मैदानावर, पेटीतल्या साध्या हत्यारांनी, संध्याकाळच्या उजेडात मोजता येत नाही, ते पुस्तिकेत लिहूच नका.

टू-स्ट्रोकच का?

या इंजिनाच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. पिस्टन वर-खाली होतो आणि सिलेंडरच्या भिंतीतली भोकं, म्हणजे पोर्ट, उघडतो-मिटतो. सकाळच्या सरावात पिस्टन जाम झाला तर दुपारपर्यंत नवा पिस्टन, रिंग आणि पॅकिंग टाकून माणूस पुन्हा रांगेत उभा राहू शकतो. गाडी हलकी, वेग बेताचा. त्यामुळे मोठ्या सर्किटऐवजी कार्टिंगच्या ट्रॅकवरही शर्यत रंगते. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, दर दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, इथे प्रत्येक फेरीत. म्हणून एवढ्याशा इंजिनातून ओढ चांगली मिळते.

पण हाच साधेपणा आयोजकाच्या मुळावर येतो. फोर-स्ट्रोकमधून ताकद काढायची तर नवे कॅम, स्प्रिंगा, हेडचं काम असा पसारा मांडावा लागतो. टू-स्ट्रोकमध्ये एक कानस आणि अर्धा तास पुरतो. बाहेरून गाडी जशीच्या तशी दिसते आणि सरळ रस्त्यावर बाकीच्यांना मागे टाकून निघून जाते. नियम नेमका कशावर बांधायचा हे समजण्यासाठी ही ताकद येते कुठून ते आधी बघायला हवं.

सर्वात सोपी गोष्ट घनफळ. सिलेंडरचा व्यास ४० मिमी आणि पिस्टनची चाल ३९.७ मिमी असेल, तर घनफळ ४९.९ सीसी. आता ओतीव लोखंडाचा सिलेंडर दोन हंगामांत घासला आणि मालकाने बोअर करून ४१ मिमीचा पिस्टन टाकला, तर तेच इंजिन ५२.४ सीसीचं होतं. नियमात नुसतं ‘५० सीसी’ लिहिलं असेल तर हा माणूस फसवणारा ठरतो. बिचाऱ्याने फक्त दुरुस्ती केली आहे. तेव्हा दुरुस्तीसाठी किती मोठा पिस्टन चालेल, ते मिलीमीटरमध्ये लिहून टाका. अॅल्युमिनियमच्या सिलेंडरला आतून कठीण मुलामा असेल तर त्याला असं बोअर करताच येत नाही, मुलामा पुन्हा चढवावा लागतो. अशा गाड्यांना ही सूट लागतच नाही. घनफळ मोजायला हेड काढून कॅलिपर लावला की झालं.

आता पोर्ट. एक्झॉस्टचं, म्हणजे धूर बाहेर सोडणारं, भोक वरच्या बाजूने थोडं उंच केलं की ते लवकर उघडतं, जास्त वेळ उघडं राहतं आणि इंजिन जास्त आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला जास्त फेऱ्यांवर, श्वास घेऊ लागतं. ४० मिमीच्या आसपास चाल असलेल्या इंजिनात हे भोक फक्त १ मिमी वर नेलं, तर ते उघडं राहण्याचा काळ क्रँकच्या फिरण्यात सुमारे ६ अंशांनी वाढतो. कानशीचं हे काम पकडण्यासाठी सिलेंडरच्या वरच्या कडेपासून पोर्टच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजतात.

आणि इथेच घोडं पेंड खातं. सिलेंडरच्या खाली जाड पॅकिंग टाकलं, तर अख्खा सिलेंडरच वर उचलला जातो. कानस लागलेली नाही, वरच्या कडेपासूनचं अंतर तेच, पण पिस्टनच्या दृष्टीने पोर्ट वर सरकलाच. म्हणून आणखी एक माप लागतं: पिस्टन सगळ्यात वर असताना त्याचा माथा सिलेंडरच्या कडेपासून किती खाली राहतो. दोन्ही मापं घेतली तरच चित्र पुरं होतं. एकच घेणाऱ्या तपासनिसाला जुने ट्यूनर लोक पहिल्याच दिवशी ओळखतात.

पाइप म्हणजे अर्धं इंजिन

टू-स्ट्रोकचा एक्झॉस्ट पाइप पोटात फुगलेला आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो आकार शोभेचा नाही. पोर्ट उघडला की दाबाची एक लाट पाइपमध्ये धावत जाते. पाइप रुंद होत जातो तिथून कमी दाबाची लाट मागे येते आणि सिलेंडरमधला धूर ओढून घेते. पुढे पाइप पुन्हा निमुळता होतो तिथे आदळून दाबाची लाट परत फिरते. ती नेमकी वेळेवर पोचली, तर बाहेर सांडू पाहणारा पेट्रोल-हवेचा ताजा घास ती पुन्हा सिलेंडरमध्ये कोंबते, आणि तेवढ्यात पोर्ट मिटतो.

वेळेचा हिशोब करून पाहा. इंजिन ११,००० आरपीएमला फिरत असेल तर एका फेरीला साधारण साडेपाच मिलिसेकंद लागतात. पोर्ट १९० अंश उघडा राहतो असं धरलं, तर लाटेला जाऊन यायला मिळतात सुमारे २.९ मिलिसेकंद. तापलेल्या धुरात लाटेचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास धरला, तर तेवढ्या वेळात ती जवळपास १.४४ मीटर अंतर तोडते, म्हणजे जायचं ७२ सेंटिमीटर आणि यायचं ७२. पाइप दोन-चार सेंटिमीटरने लहान केला की ताकदीचा पट्टा वरच्या आरपीएमकडे सरकतो.

ही विद्या सर्वात पुढे नेली पूर्व जर्मनीच्या एमझेड या मोटरसायकल कारखान्यातल्या वॉल्टर काडेन यांनी. १९६१ साली त्यांचं १२५ सीसीचं इंजिन २५ अश्वशक्तीपर्यंत पोचलं होतं, म्हणजे लिटरमागे २००. त्याच हंगामात त्यांचा स्वार अर्न्स्ट डेगनर पश्चिमेकडे निसटला, सुझुकीकडे गेला आणि जाताना ही माहितीही त्याच्याबरोबर गेली. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, जागतिक अजिंक्यपद मालिकेत ५० सीसीचा गट पहिल्यांदा सुरू झाला आणि डेगनरने तो सुझुकीवर जिंकला. सुझुकीचं ते पहिलं जागतिक अजिंक्यपद. पाइपची किंमत किती असते, हे यावरून कळावं.

क्लबच्या आयोजकाने यातून घ्यायचं ते एवढंच की पाइप मोकळा सोडला, तर शर्यत पाइप बनवणाऱ्यांमध्ये होते. पाइपच्या आतला आकार मैदानावर मोजता येत नाही. तो कापून बघता येत नाही आणि बाहेरून सगळं कळत नाही. माझ्या कसोटीवर ‘पाइपची रचना बदलायची नाही’ हा नियम नापास होतो. मग दोन मार्ग उरतात. एक तर सगळ्यांना एकाच ठिकाणचा, एकाच नमुन्याचा, क्रमांक ठोकलेला पाइप द्या. नाहीतर पाइप खुशाल मोकळा सोडा आणि गळा दुसऱ्या टोकाला आवळा: हवेत पेट्रोल मिसळून इंजिनात सोडणाऱ्या कार्ब्युरेटरचा व्यास ठरवून द्या, किंवा कार्ब्युरेटर आणि इंजिनाच्या मधे ठरावीक भोकाची चकती बसवा. इंजिनाला हवाच मोजून मिळाली तर पाइप कितीही हुशार असो, फरक पडेल तो थोडाच.

मला दुसरा मार्ग आवडतो, कारण तो तपासायला दहा सेकंद लागतात. समजा कमाल व्यास १७ मिमी ठरवला आहे. लेथवर एक दांडी बनवून घ्या, एक टोक बरोबर १७.० मिमीचं, दुसरं १७.१ चं. दुसरं टोक आत गेलं की गाडी बाद. वाद घालायला जागाच नाही. कारखान्यात याला गो नो-गो गेज म्हणतात आणि क्लबच्या मालकीच्या सर्व हत्यारांत मी त्याला पहिला मान देईन.

नियमांची भाषा कोणत्या बाजूने लिहायची हेही आधी ठरवा. ‘जे मना केलेलं नाही ते चालेल’ असं म्हटलं की दर महिन्याला कोणीतरी तुम्ही मना करायला विसरलेली गोष्ट घेऊन येतो. ‘जे चालेल असं लिहिलं आहे तेवढंच चालेल’ असं म्हटलं की यादी लहान राहते. हौशी मालिकेला दुसरी पद्धत बरी. फक्त पहिल्या हंगामात लोक सारखे विचारत राहतील की हँडलची मूठ बदलली तर चालेल का. चालू द्या.

नियम मोकळे सोडले की काय होतं, ते ५० सीसीच्या जागतिक गटात दिसलंच. १९६० च्या दशकात कारखान्यांच्या चढाओढीत एवढ्याशा इंजिनाला दोन सिलेंडर आले आणि सुझुकीच्या आरके-६७ या गाडीला तर १४ गिअर होते. ताकदीचा पट्टा इतका अरुंद की गिअर सतत बदलत राहावं लागे. नाकापेक्षा मोती जड झाला. मोठे कारखाने एकेक करून बाहेर पडले. १९६९ पासून आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाने, म्हणजे एफआयएमने, या गटाला एकच सिलेंडर आणि जास्तीत जास्त सहा गिअर असं बांधून टाकलं. त्या वर्षी आंखेल निएतोने डर्बी कंपनीच्या गाडीवर हा गट जिंकला, त्याच्या १३ जागतिक अजिंक्यपदांपैकी पहिलं. सिलेंडर किती आणि गिअर किती हे कोणालाही मोजता येतं. नियम असे मोजता येणारे होते आणि गट १९८३ पर्यंत टिकला.

स्वाराचं वजन

छोट्या गाडीत हा विषय टाळता येत नाही. गाडी ८० किलोची. तिच्यावर ५५ किलोचा मुलगा बसला तर एकूण १३५, आणि ९० किलोचे काका बसले तर १७०. काकांच्या गाडीला तेवढ्याच ताकदीत २६ टक्के जास्त ओझं ओढायचं आहे. मोठ्या गाडीत हा फरक विरून जातो, ५० सीसीमध्ये चढावर उघड दिसतो. जागतिक १२५ सीसी गटातही म्हणूनच पुढच्या काळात गाडी आणि स्वार मिळून किमान १३६ किलो अशी अट होती.

क्लबमध्येही गाडी अधिक स्वार, हेल्मेट-सूटसकट, असं एकत्र किमान वजन ठेवा. पण ते सगळ्यात जड माणसाच्या पातळीला नेऊ नका. नाहीतर लहानखुऱ्या मुलीला गाडीवर २० किलो शिसं बांधावं लागेल आणि पडल्यावर तेच धोक्याचं. शिसं बांधायचंच तर बोल्टने, तारेने नाही. मधला आकडा ठेवा आणि जड स्वारांसाठी त्याच शर्यतीत वेगळी क्रमवारी लावा. काकांना मुलांना हरवायचं नसतंच मुळी, त्यांना दुसऱ्या काकांना हरवायचं असतं.

याच्याशीच जोडलेला मुद्दा म्हणजे गट किती. नव्या आयोजकाला वाटतं की सगळ्यांना सामावून घ्यावं, म्हणून तो सहा गट करतो. प्रत्येक गटात चार गाड्या येतात, दोन बंद पडतात आणि उरलेले दोघे एकमेकांना दिसतही नाहीत इतक्या अंतराने फिरत राहतात. दोन गट, फार तर तीन. बारा गाड्यांत आठव्या क्रमांकासाठी झालेली झुंज माणूस वर्षभर सांगत राहतो.

गुण द्यायचे कसे?

हा भाग लोक पाच मिनिटांत उरकतात आणि हंगामाच्या शेवटी पस्तावतात. एफआयएमच्या जागतिक मालिकेत १९९३ पासून पहिल्या पंधरा जणांना २५, २० आणि १६ पासून उतरत शेवटी १ असे गुण मिळतात. बहुतेक क्लब तेच उचलतात. हरकत नाही. पण टू-स्ट्रोक इंजिनं बंद पडतात, आणि गुणपद्धतीने त्याचं काय करायचं हे ठरवावं लागतं.

समजा सहा शर्यती आहेत. पहिला स्वार तीन जिंकतो आणि तीन वेळा त्याचा पिस्टन जाम होतो. त्याचे गुण ७५. दुसरा एकही जिंकत नाही, पण सहाही वेळा तिसरा येतो. त्याचे ९६. सगळ्या शर्यती मोजल्या तर दुसरा विजेता. प्रत्येकाची एक वाईट शर्यत वगळली तर ७५ विरुद्ध ८०, अजूनही दुसराच. दोन वगळल्या तर ७५ विरुद्ध ६४, आणि विजेता बदलला. एकही गाडी पुन्हा न पळवता.

यात बरोबर-चूक नाही, पण हेतू आहे. एकही शर्यत वगळली नाही, तर एका रविवारी घरच्या लग्नाला गेलेला माणूस मालिकेतून बाद होतो आणि उरलेल्या फेऱ्यांना यायचंच बंद करतो. फार वगळल्या, तर आघाडीवरचा माणूस दोन फेऱ्या आधीच निर्धास्त होऊन घरी बसतो. सहा ते आठ शर्यतींत एक वगळावी असं माझं मत. आणि शिस्तभंगासाठी बाद झालेली शर्यत वगळता येणार नाही, हे त्याखालीच लिहावं. ही पळवाट हमखास शोधली जाते.

जागतिक मालिकाही यातून सुटलेली नाही. १९४९ च्या पहिल्याच हंगामात ५०० सीसी गटात नेल्लो पगानीने एकूण ४० गुण मिळवले होते आणि लेस ग्रॅहमने ३१. पण प्रत्येकाचे सर्वोत्तम तीनच निकाल धरायचे होते. त्या हिशोबाने ग्रॅहम ३०, पगानी २९, आणि अजिंक्यपद ग्रॅहमचं.

बरोबरी झाली तर? तेही आधी लिहा. १९६७ मध्ये ५०० सीसी गटात जाकोमो अगोस्तिनी आणि माइक हेलवूड यांचे गुण सारखे, विजयही दोघांचे पाच-पाच. अगोस्तिनीचे दुसरे क्रमांक जास्त म्हणून तो विजेता. पुढच्याच वर्षी २५० सीसी गटात यामाहाच्या टू-स्ट्रोकवरचे फिल रीड आणि बिल आयव्ही गुणांत, विजयांत आणि दुसऱ्या क्रमांकांतही बरोबरीत सुटले. शेवटी दोघांनी पूर्ण केलेल्या शर्यतींतल्या वेळांची बेरीज करून रीडला अजिंक्यपद दिलं. क्लबसाठी क्रम पुरेसा आहे: विजय जास्त कोणाचे, मग दुसरे क्रमांक, मग तिसरे, तरीही सारखे असतील तर शेवटच्या शर्यतीत पुढे कोण. एवढी एक ओळ हंगामाच्या आधी लिहिलेली असली की ती कायदा असते. तीच हंगामानंतर सुचली तर तिला पक्षपात म्हणतात.

परवानगी, ट्रॅक आणि माणसं

जवळपास प्रत्येक देशात एफआयएमशी संलग्न अशी एक राष्ट्रीय संघटना असते. क्लबने तिच्याकडे नोंदणी करायची, तिच्या सर्वसाधारण नियमांखाली आपली पूरक नियमावली मंजूर करून घ्यायची आणि प्रत्येक फेरीसाठी परवाना काढायचा. कटकट वाटते, पण विमा बहुतेक वेळा याच दोरीला बांधलेला असतो. परवान्याशिवाय शर्यत घेतली आणि कोणी तिसराच माणूस जखमी झाला, तर पदाधिकाऱ्यांच्या घरादारावर येऊ शकतं. स्वारांकडून सही करून घेतलेला ‘माझ्या जबाबदारीवर’ हा कागद विम्याची जागा घेत नाही.

ट्रॅकवर एकावेळी किती गाड्या सोडता येतील, याची मर्यादा ट्रॅकच्या मंजुरीत दिलेली असते. झेंडेवाल्यांच्या जागा अशा निवडा की प्रत्येकाला आपल्या पुढच्या आणि मागच्या जागेवरचा माणूस दिसेल. मधे आंधळं वळण राहिलं तर तिथे पडलेला स्वार मागून येणाऱ्यांना दिसत नाही. झेंडे सकाळच्या सभेत प्रत्यक्ष दाखवा, नुसते सांगू नका. पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, ओलांडायचं नाही. लाल म्हणजे शर्यत थांबली. निळा म्हणजे मागून जास्त वेगवान गाडी येते आहे. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे रस्ता निसरडा. काळ्यावर नारिंगी गोल आणि सोबत तुमचा क्रमांक, म्हणजे तुमच्या गाडीत बिघाड आहे, ताबडतोब बाहेर व्हा. टू-स्ट्रोकच्या शर्यतीत हा शेवटचा झेंडा बराच निघतो, कारण गाडीतून काहीतरी गळतंय हे स्वाराला सगळ्यात शेवटी कळतं.

रुग्णवाहिका एकच असेल आणि ती जखमीला घेऊन गेली, तर ती परत येईपर्यंत ट्रॅक बंद. यात तडजोड नाही. म्हणून शक्य तिथे दोन ठेवतात. लाल झेंड्याने शर्यत थांबली तर ट्रॅकच्या किती फेऱ्या झाल्यावर निकाल धरायचा आणि कधी पुन्हा सुरुवात करायची, हेही पूरक नियमावलीत हवं.

वेळापत्रक कागदावर करून बघा. दोन गट, प्रत्येकी एक सराव, एक पात्रता फेरी आणि दोन शर्यती, म्हणजे आठ सत्रं. प्रत्येक सत्राला दहा मिनिटं पळण्याची आणि दहा मिनिटं आत-बाहेर करण्याची धरली तर दोन तास चाळीस मिनिटं. सोपं वाटतं ना? त्यात सकाळची तपासणी, सभा, जेवण आणि लाल झेंड्यांचा एक तास घाला. तिसरा गट घेतला तर त्यात चार सत्रं, म्हणजे ऐंशी मिनिटं, आणखी वाढतात आणि शेवटची शर्यत मावळतीच्या उन्हात, डोळ्यांवर सूर्य घेऊन होते.

वेळ नोंदवायला ट्रान्सपॉन्डर वापरतात. गाडीवरचं हे छोटं यंत्र ट्रॅकखाली पुरलेल्या तारेवरून जाताना आपला क्रमांक कळवतं. तरीही रेषेपाशी वही घेऊन दोन माणसं बसवाच. एक क्रमांक वाचणारा, दुसरा लिहिणारा. यंत्र ज्या दिवशी रुसेल, तो दिवस अंतिम फेरीचाच असेल.

गाडीची सुरक्षा-तपासणी

शर्यतीआधीची तपासणी ताकदीची नसते, ती इतरांच्या जिवाची असते. गिअरबॉक्सच्या तेलाचा नट पक्क्या तारेने ओवून बांधलेला हवा, कारण तो थरथरीने सैल झाला तर तेल मागच्या सगळ्यांच्या टायरखाली येतं. गिअरबॉक्सच्या श्वासनळीला तेल जमा करणारी बाटली हवी. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात फक्त पाणी, कूलंट नाही, कारण कूलंटमधलं ग्लायकॉल रस्त्यावर सांडलं की तेलासारखंच निसरडं आणि लवकर वाळतही नाही. ब्रेक आणि क्लचच्या लिव्हरची टोकं गोल गोळीची हवीत. थ्रॉटल, म्हणजे अॅक्सिलरेटर, सोडला की आपोआप मिटायला हवा. आरसे, काचेचे दिवे, स्टँड सगळं काढलेलं. चेन आणि मागच्या दातेरी चक्राच्या फटीत बोट जाऊ नये म्हणून खाली पट्टी.

नव्या स्वारांना एक गोष्ट वेगळी बोलवून सांगा. टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलमधूनच जातं. ३२ ला १ असं मिश्रण असेल तर ५ लिटर पेट्रोलमध्ये सुमारे १५६ मिली ऑइल. घाईत ऑइल कमी पडलं किंवा कार्ब्युरेटरमधला जेट, म्हणजे पेट्रोल येण्याचं भोक, लहान बसवून मिश्रण पातळ केलं, तर लांब सरळ रस्त्याच्या शेवटी, थ्रॉटल मिटताना, पिस्टन चिकटतो आणि मागचं चाक जागच्या जागी लॉक होतं. डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर ठेवायची सवय यासाठीच. इंजिनाचा आवाज जरा जरी बदलला तरी क्लच आत. विचार नंतर.

गाडीच्या आवाजाची मोजणीही इथेच होते. मायक्रोफोन पाइपच्या तोंडापासून ५० सेंटिमीटरवर, ४५ अंशाच्या कोनात. डेसिबलचं गणित फसवं आहे: ३ डेसिबल वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दुप्पट. सायलेन्सरमधली लोकर जळून गेली की आवाज हळूहळू चढतो आणि रोज ऐकणाऱ्या मालकाच्या ते लक्षात येत नाही. ट्रॅकशेजारी राहणाऱ्यांच्या मात्र येतं. लोकर बदलायला अर्धा तास लागतो. गेलेला ट्रॅक परत मिळवायला किती लागतो, हे ज्या क्लबांनी तो गमावला आहे त्यांना विचारा.

पैशाचा साधा हिशोब

एका फेरीचा खर्च १०० भाग धरा. ट्रॅकचं भाडं, रुग्णवाहिका, विमा, वेळनोंदणी यातला बहुतेक भाग स्थिर असतो, वीस जण येवोत की दहा. वीस स्वार आले तर प्रत्येकी ५ भाग, पंचवीस आले तर ४, सोळाच आले तर सव्वासहा. शुल्क वाढवलं की आणखी दोघे गळतात, मग पुन्हा वाढवावं लागतं. हा उतार एकदा लागला की थांबवणं कठीण. म्हणून शुल्क जेमतेम भरवशाच्या संख्येवर ठरवा, आशेवर नाही. अख्ख्या हंगामाचं शुल्क आधी भरणाऱ्याला सवलत द्या आणि एका फेरीचा खर्च कायम हातात राखून ठेवा, पाऊस काही विचारून येत नाही. बक्षिसांवर खर्च करू नका. रोख रक्कम ठेवली की तिच्यासाठी पैसे ओतणारा कोणीतरी येतोच.

खर्चाला आळा घालायचा जुना आणि थोडा दुष्ट उपाय म्हणजे खरेदीची अट. शर्यत संपल्यावर कोणीही स्पर्धक आधी जाहीर केलेल्या ठरावीक किमतीला विजेत्याचं इंजिन विकत घेऊ शकतो आणि विजेत्याला नाही म्हणता येत नाही. मग त्या किमतीच्या तिप्पट खर्च करून इंजिन बनवण्यात अर्थ उरत नाही. फार घट्ट ओळखीच्या क्लबात यावरून भांडणं होतात, हेही खरं.

तक्रार आली की

निकाल लागला की तो ‘तात्पुरता’ म्हणून फलकावर लावा आणि वेळ लिहा. तक्रारीसाठी तिथून अर्धा तास. तक्रार लेखी, एकाच मुद्द्याची, अनामत रकमेसह. खरी ठरली तर अनामत परत. ऐकून घ्यायला तीन पंच, त्यातला कोणीही त्या गटात न पळणारा आणि पळणाऱ्याचा नातेवाईक नसलेला. छोट्या क्लबात असे तीन शोधणंच अवघड जातं, म्हणून शेजारच्या क्लबशी अदलाबदल करावी. तोवर पहिल्या तीन गाड्या दोरीच्या आत, मालकाने हात लावायचा नाही. तपासून झालेल्या इंजिनाच्या दोन बोल्टांतून तार ओवून क्लबचं सील लावलं, तर पुढच्या फेरीला ते पुन्हा उघडायची गरज पडत नाही.

तपासायला हेड उघडलं की हेडचं पॅकिंग वाया जातं. रक्कम मोठी नसते, पण यावरून झालेलं भांडण पोर्टवरच्या भांडणापेक्षा जास्त वेळ चालतं. म्हणून पुस्तिकेत एक ओळ टाका: गाडी नियमात बसली तर नवं पॅकिंग तक्रारदाराच्या अनामतीतून, नाही बसली तर मालकाच्या खिशातून, आणि आयोजकांनी आपण होऊन उघडली असेल तर क्लबकडून, त्याच संध्याकाळी, हातात.